न प्यायलेल्या दारूची माफी

डोमा रामटेके दारू प्यायचा त्या काळात सरळ चालायचा. संध्याकाळी मोहाची चढवून तो मिलवरून निघायचा, धानाच्या दोन बांध्यांमधल्या वीतभर रुंद धुऱ्यावरून पाय न घसरता घरी यायचा, आणि घरात शिरल्यावर भांडी फेकायचा. पुढं त्यानं दारू सोडली. भांडी जागच्या जागी राहू लागली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याचे पाय लटपटायला लागले. गावानं यातला क्रम ध्यानात ठेवला नाही. गाव एका माणसाची एकच गोष्ट सांभाळून ठेवतं. सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी ठेवायला जागा कुठून आणणार?

डोमा हमाल होता. कोंढा गावाहून अड्याळकडे जाणाऱ्या रस्त्याला भय्याजींची राइस मिल आहे, तिथं तो मिसरूड फुटल्यापासून पाठीवर कट्टे, म्हणजे पोती, वाहायचा. जमिनीपासून ट्रकच्या फाळक्यापर्यंत एक फळी तिरपी टाकलेली असते. पाठीवर तांदळाचा कट्टा, मान खाली, डोळ्यांत घाम, आणि पाय आपले आपण फळी शोधत चाललेत, असं ते काम. जो पायाकडे बघून पाय टाकायला लागला तो हमाल संपला, असं तिथं म्हणतात.

मिलमध्ये आधी धानाचं तूस निघतं, मग तांदळावरचा कोंडा, ज्याला इकडच्या बोलीत कोंढाच म्हणतात. कोंढ्यात जीवनसत्त्वं असतात हे शाळेच्या पुस्तकात छापलेलं आहे. म्हणून कोंढा गुरांना जातो आणि पांढराशुभ्र तांदूळ पुस्तक वाचणाऱ्यांना. डोमाच्या बाबतीत मात्र मिलला दोष देता येणार नाही. त्याच्या अंगातून जे संपलं ते कोंढ्यातही नव्हतं आणि तांदळातही नव्हतं.

दारू सुटली ती तृप्तीमुळे, त्याच्या लेकीमुळे. मुलगी तेव्हा शाळेत जायची. एका संध्याकाळी डोमानं फेकलेला भाताचा गंज, म्हणजे पातेलं, बायकोसाठी होता, तो लेकीच्या कपाळाला लागला. विमलाबाईनं हळद दाबली, पण एक शब्द बोलली नाही. पोरगी रडली नाही, याचं डोमाला सगळ्यात जास्त भय वाटलं. सकाळी आंघोळ करून तो विहारात गेला आणि झाडलोट करणाऱ्या अनुपला म्हणाला, "मले शील घ्याचं आहे."

अनुप तेव्हा पोरसवदाच होता. पुढं तो विहार समितीचा सचिव झाला. तो समजूतदारपणे म्हणाला, "डोमाभाऊ, तुमी पाचवं सांभाळा. दारूचं. बाकीचं हळूहळू होते."

"हळूहळू कसं? कट्टा उचलाचा तं पुरा उचलाचा. अर्धा कट्टा कोणी टरकमंदी नेऊन ठेवते का?"

असं म्हणून त्यानं पंचशील एकगठ्ठा घेतलं. पहिलं शील प्राण्याची हिंसा न करण्याचं. वस्तीत ते दर रविवारी सकाळी म्हटलं जाई आणि दुपारी मटण शिजे, आणि या दोन गोष्टींत कोणाला भांडण दिसत नसे. "मारू नोको म्हणते, खाऊ नोको कोठी म्हणते?" असं अनुपनं त्याला समजावलंही. पण डोमानं मटण सोडलं, तलावाची मासोळी सोडली, अंडं सोडलं. विमलाबाईला त्यानं खरं कारण सांगितलं: "तळेल मासोळीचा वास आला का मले गिलास आठवते. दारूचा रस्ता तिच्यावरूनच जाते."

विमलाबाईला काय, घरात भांडी आदळेनात एवढं पुरे होतं. तिनं त्याच्यासाठी वेगळी कढई केली. भात, लाखोळीची डाळ, वांगं, कधी आंबाडी. घरी गाय होती, पण दूध संकलनावर जायचं, चहा कोराच. वर्षानुवर्षांच्या मोहाच्या दारूनं पोट जळून गेलेलं, म्हणून डोमा रोज उपाशीपोटी आम्लपित्ताची एक गोळी घ्यायचा. ती त्याला कोणीतरी पंधरवड्यापुरती सांगितली होती. दुकानदार देत गेला, हा घेत गेला.

मग चांगले दिवस आले. डोमाचा आवाज भरदार होता, उच्चार स्वच्छ. होता होता विहारात त्रिशरण-पंचशील म्हणवून घेण्याचं काम त्याच्याकडे आलं. लग्न असो, नामकरण असो, कोणाच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन असो, सगळे हात जोडून उभे राहायचे, डोमा डोळे मिटून एकेक शील म्हणायचा आणि सारी वस्ती त्याच्या मागून म्हणायची. ज्या माणसाच्या घरची भांडी एके काळी सगळ्या वस्तीला ऐकू यायची, तो त्याच वस्तीकडून दारू न पिण्याच्या शीलातलं "सुरामेरय" म्हणवून घेत होता. यातली गंमत त्याच्यासकट सगळ्यांना कळत होती आणि कोणी हसत नव्हतं. पहिल्या ओळीत विमलाबाई उभी असायची. त्या वेळी तिचा चेहरा पाहायला मिळावा म्हणून तो एखादेवेळी डोळे किलकिले करायचा. आयुष्यात त्यानं मिळवलं असं म्हणण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्याला पुरत होतं.

सुरुवात मुंग्यांनी झाली. तळपायाला मुंग्या, मग बोटं बधिर, मग पायात मोजे चढवल्यासारखं. मोजे त्यानं जन्मात घातले नव्हते, तरी तो असंच सांगायचा. एकदा मिलवर पोचल्यावर कळलं, की एका पायात चप्पल नाही. वाटेत कुठं निघाली ते पायाला माहीत नव्हतं. हमाल खूप हसले. तोही हसला.

मग तो फळीवरून पडला. कट्टा एकीकडे, तो एकीकडे. भय्याजी ऑफिसातून बाहेर आले. मनानं बरा माणूस, आवाज तेवढा मोठा.

"डोमा! सकाऊन सकाऊन?"

"नाही भय्याजी. पाय गेला."

"पाय गेला का तोल गेला?"

"आईची आन भय्याजी, थेंब नाही."

"बरं बरं. घरी जा, झोप काढ." भय्याजींच्या सुरात दया होती. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं. दया करणाऱ्याला काय सांगावं?

बाजाराच्या दिवशी दवाखाना मांडणाऱ्या एका डॉक्टरनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, "रक्त कमी आहे" म्हणून निदान केलं आणि ताकदीच्या लाल गोळ्या दिल्या. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. गोळ्या बऱ्या निघाल्या. दोनेक महिन्यांत चेहऱ्यावर लाली आली, दम लागणं कमी झालं. पाय मात्र आणखी बिघडले. गावानं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. तोंड लाल, पाय लटपटते. ज्यांना अजून थोडी शंका होती त्यांची ती फिटली.

विमलाबाईनं तोंडानं काही विचारलं नाही. डोमा घरी आला, की ती पाण्याचा तांब्या घेऊन नेहमीपेक्षा हातभर जवळ यायची. तो पाणी पिऊन श्वास सोडेपर्यंत तिथंच थांबायची. पहिल्या दिवशी डोमाला काही समजलं नाही. दुसऱ्या दिवशी समजलं, तेव्हा त्यानं आपण होऊन तिच्या तोंडासमोर मोठा श्वास सोडला.

"आला का वास?"

"मी काई म्हणलं का?"

वास येत नव्हता. वास लपवायला चघळतात त्या इलायचीचाही येत नव्हता. यातून सरळ अर्थ निघत होता, पण विमलाबाईनं आयुष्यातली चांगली पंधरा वर्षं पिणाऱ्या माणसाबरोबर काढली होती आणि सरळ अर्थांवरचा तिचा विश्वास त्यातच उडाला होता. तिनं निष्कर्ष काढला, की आता हा लपवायला शिकला.

गावात एकच माणूस डोमाच्या बाजूनं बोलत होता. टिकाराम. टिकाराम शेतकरी, डोमाचा जुना सोबती. त्यानं दारू कधी सोडली नव्हती आणि सोडण्याचा विचारही केला नव्हता. पानठेल्यावर तो छातीठोकपणे सांगायचा, "हा पेलेला नाही बे. पेलेला माणूस इकडून तिकडे जाते. हा पाय आपटत जाते. पाय कोठी आहे तेच याले ठाऊक नाही. मले इचारा नं, मी काय आज चालून राहिलो का असा?" साक्ष अचूक होती. पण ती देताना टिकारामला स्वतःला ठेल्याचा खांब धरून उभं राहावं लागत होतं, त्यामुळे ती कोणी मोजली नाही.

बुद्धपौर्णिमेला विहार भरलं होतं. तृप्ती भंडाऱ्याहून नवऱ्याला आणि सासूला घेऊन आली होती. पांढऱ्या कपड्यांतला डोमा पुढं उभा राहिला. मेणबत्त्या लागल्या. सगळ्यांनी हात जोडले, त्यानं पाय जुळवले आणि डोळे मिटले.

पहिल्या शीलाला तो जरा झुलला. दुसऱ्याला त्यानं किंचित पाय फाकवले. डोळे उघडावेत असं त्याला वाटलं, पण शील म्हणताना डोळे उघडायचे म्हणजे चोरासारखं दिसलं असतं. तिसरं झालं, चौथं झालं. पाचव्याला त्यानं "सुरामेरय" एवढं म्हटलं आणि जमीन कुठं आहे ते त्याला कळेनासं झालं. तो मेणबत्त्यांच्या स्टँडवर तोंडघशी पडला.

त्याच्या मागून म्हणणारी वस्ती अर्ध्या शब्दावर थांबली. कोणी तरी स्टँड उचललं, कोणी तरी डोमाला. अनुपनं पुढं होऊन पाचवं शील पूर्ण केलं, कारण ते अर्धवट ठेवणं बरं नव्हे. लोकांनी त्याच्या मागून म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं. एवढी चार शीलं सोडून माणूस नेमका पाचव्याला पडतो, हा पुरावा कोणत्याही कोर्टात टिकला असता. तृप्तीची सासू सुनेकडे न पाहता पदर सारखा करत होती. तृप्ती बापाकडे पाहत होती. तिच्या कपाळावरचा जुना वण तेव्हा डोमाला फार जवळून दिसला.

त्या दिवसापासून विमलाबाई त्याच्याशी बोलायची थांबली. जेवण वेळेवर वाढायची, कपडे धुवायची. ताट ठेवायची आणि आत जायची. शिव्या देणाऱ्या बायकोबरोबर माणूस संसार करू शकतो. डोमाच्या वस्तीत निम्मे लोक करतच होते. ही शांतता वेगळी होती. लेकीला गंज लागला त्या संध्याकाळची होती ती.

डोमाला एकच हवं होतं. तिनं एकदा म्हणावं, "माहीत आहे मले, तुमी नाही पेले." बाकी गावाचं त्याला फारसं पडलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो सांगायचा, "विमल, मी नाही पेलो." रोज ती भांडी आत घेऊन जायची.

दरम्यान त्याचं डोकंही त्याला साथ देईना. नावं सापडत नव्हती. दुपारी काय केलं ते संध्याकाळी सांगता येत नव्हतं. दिवसातले मोठाले तुकडे गायब होऊ लागले. रिकाम्या जागेत माणूस काही ना काही भरतोच, आणि त्याच्या रिकाम्या जागेत काय भरायचं ते सारं गाव त्याला सुचवत होतं. एक दिवस तो टिकारामच्या बांधीवर गेला.

"टिकाराम, खरं सांग. मी तुह्यासंग बसलो होतो का?"

"कवा?"

"कवाबी. इतक्यात."

टिकारामला आधी हसू आलं. मग डोमाचा चेहरा पाहून ते विरलं. "नाही रे बापा. तू काहून असा इचारतं?"

"मले आठवून नाही राहिलं. सगळे म्हणतेत तं…"

"सगळे म्हणतेत म्हणून तू पेलेला होशीन का बे?"

पण पुढच्या रविवारी डोमा विहारात उभा राहिला, खांबाला धरून, आणि म्हणाला की माझं चुकलं. मी पाचवं शील मोडलं. मला परत द्या.

वस्तीचं मन मोकळं झालं. बायांनी डोळे पुसले. अनुपनं त्याला मिठी मारली, "डोमाभाऊ, कबूल केलं, अर्धं झालं" म्हणाला, आणि तिथंच त्याला पुन्हा शील दिलं. न प्यायल्याचं सांगून डोमाला इतक्या महिन्यांत जे मिळालं नव्हतं ते प्यायल्याचं सांगून एका बैठकीत मिळालं. पाचवं शील त्यानं कधी मोडलंच नव्हतं. त्या सकाळी त्यानं चौथं मोडलं, खोटं न बोलण्याचं, आणि ते सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या आशीर्वादानं.

घरी आल्यावर विमलाबाई म्हणाली, "जेवा."

पुढचे काही आठवडे त्याच्या संसारातले सर्वांत गोड आठवडे होते असं म्हणायला हरकत नाही. ती त्याच्याशी बोलायची. गरम तेलानं त्याचे पाय चोळायची. त्याला तिचा हात दिसायचा, लागायचा नाही. ती विचारायची, "बरं वाटते?" तो म्हणायचा, "लय बरं." मिलचं काम सुटलं होतं, तिथं भय्याजींनीही त्याला परत बोलावलं. कट्टे नाही, हलकं काम, आवार झाडायचं. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करताना धान शिजवायला भट्टीत तूस जाळतात; त्याची राखड मागच्या बाजूला ओढून टाकायचं काम त्याच्याकडे आलं.

राखडीचा ढीग वरून करडा, थंड दिसतो. आत विस्तव असतो. एका दुपारी डोमा त्या ढिगातून चालत गेला. चप्पल आधीच कुठंतरी निघालेली होती. पलीकडे पोचल्यावर त्याला करपल्याचा वास आला. काय जळतं आहे म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी खाली पाहिलं.

हमाल म्हणाले, "पेलेल्याले काय समजते." पण तळवा पाहून त्यांनीही तोंड फिरवलं.

तृप्तीनं त्याला भंडाऱ्याला हलवलं. तिथल्या डॉक्टर रीनाताई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. पट्टी करता करता त्यांनी विचारलं, "एवढं भाजलं तेव्हा ओरडलात की नाही?"

"कशाले ओरडू? समजलंच नाही."

त्या थांबल्या. एक चिमट्यासारखं लोखंड टेबलावर ठोकून त्यांनी त्याच्या घोट्याच्या हाडाला लावलं. "थरथर लागते?" नाही. गुडघ्याला? नाही. डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला. "आता कुठं आहे, वर की खाली?" डोमानं अंदाजानं उत्तरं दिली आणि ती चुकली. मग चांगल्या पायावर भार देऊन, पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तो म्हणाला, "डोळे नाही मिटत. पडतो मी." त्यांनी त्याच्या पाठीशी हात धरला. त्यानं डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखा मागं आला.

विमलाबाई भिंतीपाशी उभी होती. तिनं ते पाहिलं.

"दारू?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेतेत," विमलाबाई म्हणाली. "सोडली होती, मंग पयल्यासारखं झालं. कबूल केलं त्यायनं."

डॉक्टर डोमाकडे वळल्या. "कबूल केलं ते ठीक. प्यायलात का?"

डोमानं पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोरीले लागलं त्या दिसापासून एक थेंब नाही. पण सगळे म्हणतेत तं मले वाटलं… मले आठवत नाही बाई."

रक्त तपासलं. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं आणि सोप्या शब्दांत सांगितलं. शरीरातली नस विजेच्या वायरसारखी असते, तिच्यावर आवरण असतं. ते आवरण धड ठेवायला बी-बारा नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते धान्यात नाही, भाजीत नाही. मटणात, मासोळीत, अंड्यात, दुधात असतं. ते संपलं की आवरण झिजतं, पायाची खबर डोक्यापर्यंत पोचत नाही. मग माणूस डोळ्यांनी पाय शोधत चालतो. डोळे मिटले की पडतो. स्मरणशक्तीही जाते.

"पण मटण सोडून तं लय वर्षं झाली," तृप्ती म्हणाली. "तवा काई नाही झालं."

"कलेजी खाल्ली आहे ना कधी? आपल्या स्वतःच्या कलेजीत त्याचा साठा असतो. कितीतरी वर्षं पुरतो. म्हणूनच कोणाला कळत नाही. आणि अन्नातून ते सोडवून घ्यायला पोटात आम्ल लागतं. ते तर यांनी गोळी घेऊन रोज बंद केलं."

"ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या नं," विमलाबाई म्हणाली. "लाल. तोंडावर रक्त आलतं."

"तेच झालं. त्या गोळ्यांनी रक्त सावरलं, त्यामुळे वरून माणूस बरा दिसला. नसा उपाशीच राहिल्या."

"म्हणजे दारूनं नाही?"

"दारूनंही असं होऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण यांना दारूची गरजच नव्हती. न पिता झोकांड्या जातील एवढी कमतरता आहे."

दारू सुटावी म्हणून मासोळी सोडली, आणि मासोळी सोडली म्हणून दारू न पिता पिणाऱ्यासारखा झाला. डोमाला हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो हसला. त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. खाण्यात बदल करायची सक्ती नाही, इंजेक्शनानं भागेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, त्यामुळे पहिलं शील शाबूत राहिलं. डोकं आधी सुधारलं. नावं परत आली, गायब झालेल्या दुपारी परत आल्या. हेही एका अर्थी वाईटच झालं. कारण आता त्याला सगळं लख्ख आठवत होतं: आपण प्यालो नव्हतो हे, आणि खांबाला धरून काय बोललो ते. पाय थोडे सुधारले आणि मग थांबले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की नस फार दिवस वाट पाहत नाही. आता तो काठी घेऊन चालतो, मान खाली, प्रत्येक पावलाकडे पाहत.

अनुपनं विहारात माईकवर सगळं जाहीर केलं, बी-बारासकट. लोक भेटायला आले. बहुतेकांनी सांगितलं, की आमाले तं पयलेच वाटलं होतं. टिकाराम आला तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "मी म्हणत होतो, पण माह्या तोंडाचा वास येते नं."

सगळे येऊन गेले. विमलाबाईनं मात्र काही म्हटलं नव्हतं. इंजेक्शनाची तारीख ती चुकवत नव्हती, काठीला खाली रबर बसवून आणलं होतं. एका संध्याकाळी ती दाराजवळच्या भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती आणि तो आतल्या बाजूला खाटेवर. सूप बाजूला सारून ती अचानक म्हणाली,

"कबूल काहून केला तुमी?"

"तू बोलून नव्हती राहिली."

"एवढ्यासाठी?"

"तुले एवढं वाटते. मले तं दुसरं काही नव्हतं."

ती सुपातल्या तांदळाकडे पाहत राहिली. "वास येत नव्हता. माह्या नाकाले माहीत होतं."

"मंग?"

"मंग काय. पेत होते तवा बी रोज हेच म्हणत होते तुमी. 'विमल, मी नाही पेलो.' हाच आवाज, हेच बोल. दाराशी असेच उभे राहत होते. पंधरा वर्षं मी हे आयकलं आणि मंग भांडे झेलले. आता सांगा, त्यातला कोणता खरा मानाचा होता मी?"

डोमानं पुष्कळ विचार केला. आता त्याला नीट विचार करता येत होता. खोटं बोलण्यासाठी त्यानं जे शब्द वापरून टाकले होते, खऱ्यासाठी त्याच्याकडे दुसरे नव्हते.

"बराबर आहे," तो म्हणाला.

"बराबर आहे म्हणू नोका जी," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. इतक्या वर्षांत तो तिला असं रडताना पहिल्यांदा पाहत होता. गंज लेकीला लागला तेव्हाही ती रडली नव्हती.

उठून तिच्याजवळ जावं असं त्याला फार वाटलं. त्यानं काठी हातात घेतली. पण तोवर घरात अंधारून आलं होतं, आणि खाटेखाली पाहिलं तर त्याला आपले पाय दिसेनात. लाइटचं बटण तिच्या डोक्यावर, भिंतीला होतं. ती उठून ते दाबेल म्हणून तो काठी धरून बसून राहिला. ती रडत होती. तिच्या ते ध्यानात आलं नाही.